बाटलेला कौल

करंजवाडीच्या माणसांना हट्ट कुणी शिकवावा लागत नाही, तो त्यांना आईच्या दुधातूनच मिळतो. नाहीतर मला सांगा, समुद्रावरून वादळ निघालंय, घाट चढून ते दिवस मावळायच्या आत मावळात शिरणार म्हणून टीव्हीवाले घसा फोडून ओरडतायत, लोणावळ्यात हॉटेलवाल्यांनी पाट्या उतरवून आत ठेवल्यात, आणि ही माणसं जाखमातेच्या देवळापुढं मांड्या घालून बसलीत! दुसरीकडं कुठं दिसलं असतं का असं?

देवळाच्या पायरीवर रतनबाई उभी होती. ती वाडीची गुरवीण. नवरा गेल्यापासून आईची पूजा तीच करायची. बाईमाणसानं, त्यातून विधवेनं पूजा करावी का यावर आधी बरीच कुजबुज झाली होती. पण पहाटे उठून देवळाचा दगड न् दगड धुणारी दुसरी कुणी मिळेना, तेव्हा कुजबुज आपोआप थंडावली. एकट्या भिमाजीची थांबली नाही. भिमाजी तिचा धाकटा दीर. पूजेचा मान घराण्यातल्या पुरुषाकडं यायला हवा होता, हे तो चहा पिता पिताही सांगायचा आणि मर्तिकाच्या वाटेवरही सांगायचा.

"आबा, माझं ऐका," तलाठी स्नेहल मॅडम पुन्हा म्हणाल्या. तळेगावची मुलगी, नोकरीत नवीनच. सकाळपासून दुसऱ्यांदा डोंगर चढून आली होती, बूट चिखलानं भरले होते, पण आवाज काही खाली येत नव्हता. "खाली कान्हे गावच्या शाळेत सगळी सोय केलीय. वाडीच्या तोंडाशी टेम्पो उभा आहे. तुमच्या घरांवर नुसते पत्रे आहेत. मागच्या वादळापेक्षा हे मोठं आहे."

आबा म्हणजे अंबाजी. वाडीतली बहुतेक घरं त्यांच्याच भावकीची, त्यामुळं ते बसले की वाडी बसायची आणि ते उठले की वाडी उठायची. त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली.

"पोरी, मागच्या पावसाळ्यात बी आमाला असंच खाली नेलं. डोंगर येनार, डोंगर येनार! आमी शाळंत मच्छर मारत बसलो, आन हितं पान बी हाललं न्हाई. वर रानडुकरांनी भुईमुगाचं वाटोळं केलं ते येगळंच. सारं कान्हं हसलं आमाला."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"आईला इचारायचं, हितंच ऱ्हायचं का म्हनून. आई जा म्हनली तर आत्ता उठतो. ऱ्हा म्हनली तर तुमचा कलेक्टर आला तरी उंबरा सोडायचो न्हाई."

स्नेहलनं कपाळाला हात लावला. पण ती शहाणी, वाद घालत बसली नाही. "मग लवकर विचारा," एवढंच म्हणाली.

करंजवाडीत कौल लावायची रीत साधी आहे. आईला आंघोळ घालायची, तगरीच्या दोन ओल्या कळ्या तिच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, प्रश्न मोठ्यानं बोलायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. लग्नं जुळली ती कौलावर, विहिरी खणल्या त्या कौलावर. गुरवानं फक्त कळ्या लावायच्या आणि बाजूला व्हायचं.

रतनबाई कळशी भरायला देवळामागच्या टाक्यावर गेली, तशी अनिता तिच्या मागोमाग आली. अनिता अंबाजींची सून. काखेत इंदू, अजून नीट बसताही न येणारी लेक. नवरा चाकणला कंपनीत अडकलेला, त्याचा फोन सकाळपासून लागत नव्हता.

"मावशी," अनिता हळूच म्हणाली, "डावीच पाडा."

"म्हंजी गं काय?"

"तुमाला ठाव हाय म्हंजी काय ते. कळी कोरडी लावली की पयली पडती, चांगली भिजवून दाबली की चिकटून ऱ्हाती. एवढं माझ्यासाटी करा."

रतनबाईनं कळशी अशी आपटली की पाणी दोघींच्या लुगड्यांवर उडालं. "थोबाड फोडीन! आईच्या अंगाला हात लावून लबाडी करू व्हय मी? नवऱ्यानं हातात तांब्या दिला तवाच सांगितलं हुतं, कौल लावताना हाताला मन नगं. आजवर लावलेल्या एका बी कौलात माझं मन न्हाई. जा, बस तिकडं!"

अनिता रडायला लागली. "मावशी, मागल्या वादळात आमच्या गोठ्याचा पत्रा कसा उडाला, तुमी बघितलंय. शेवग्याचं झाड मधोमध कापलं त्यानं. इंदूची झोळी त्या गोठ्याच्याच भिताडाला हाय. मामंजी लेकरासाटी बी आयकायचे न्हाईत. एकटीच निघून गेले तर पुन्हा वाडीत तोंड दाखवायची सोय न्हाई."

रतनबाईला तो पत्रा आठवत होता. त्याचा आवाजही आठवत होता. तिनं इंदूच्या गालाला ओला हात लावला, तशी पोर दचकून हसली.

"रडू नगं," ती नरमून म्हणाली. "आईला डोळं हायेत. लेकरू बघून ती जा म्हनूनच सांगंल. तू भरवसा ठेव."

आणि तिचा स्वतःचाही पक्का भरवसा होता, हे आधीच सांगून ठेवतो. रतनबाई नावापुरती पूजा करणारी नव्हती. आईशी ती भांडायची, आईवर रुसायची, थंडीत आईला पाणी कोमट करून घालायची. आईनं आजवर तिला तोंडघशी पाडलं नव्हतं.

तिनं आंघोळ घातली. पदरानं आईचे खांदे टिपले, दोन्ही सारखे. दोन कळ्या एकाच वेळी एकाच वाटीत भिजवल्या आणि दोन्ही हातांनी एकदमच लावल्या. मग मागं सरली. दारात वाडी दाटली होती. अंबाजींनी टोपी काढून काखेत धरली.

"आई, आमी हितंच ऱ्हायचं का?"

बाहेर वारा सुटला होता. अजून वादळाचा नव्हता, नुसता ओला आणि दमट होता. कुणाच्या तरी घरावरचा सैल पत्रा अधूनमधून वाजत होता. बायकांनी पदर तोंडात धरले. स्नेहलसुद्धा टाचा उंचावून बघायला लागली, तिला कळत नव्हतं की आपण नक्की कशाला घाबरतोय.

उजवी कळी पडली.

आईच्या पायाशी ती अशी अलगद येऊन टेकली की कुणाला शंका घ्यायला जागाच राहिली नाही. डावी जिथल्या तिथं होती.

"ऱ्हा म्हनली!" अंबाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, खरं सांगायचं तर सुटल्याचा होता. "चला रं. दारं बांधून घ्या. पत्र्यावर धोंडं ठिवा."

माणसं उठायला लागली. स्नेहल अंबाजींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आबा, निदान बायकामुलांना तरी पाठवा हो!" ती म्हणत होती, आणि अंबाजी मान हलवत होते. अनिता रडत नव्हती. तिनं रतनबाईकडं फक्त एकदा पाहिलं आणि इंदूला पदराखाली घेतलं.

रतनबाई गाभाऱ्यात एकटी उरली, आणि तिचं डोकं सणकलं. राग वाडीवर नव्हता, तलाठ्यावर नव्हता. राग आईवर होता. अगं, तुला मी लेकराच्या नावानं भरवसा दिला आणि तू हे काय बोललीस? एवढे मोठे डोळे लावलेत तुला चांदीचे, ते काय शोभेला? एक मन म्हणत होतं, आईला पुढचं दिसत असेल, वादळ वळत असेल, आपण कोण तिला विचारणारे? दुसरं मन म्हणत होतं, दिसत असेल नाहीतर नसेल, पण त्या झोळीतलं लेकरू मी या भरवशावर लावणार नाही. माझा जीव लाव म्हण, आत्ता लावते. दुसऱ्याच्या लेकराचा नाही.

बाई हट्टी होतीच, करंजवाडीची होती ना! एकदा ठरलं म्हणजे ठरलं.

पण आईचा शब्द मोडणार कोण? कौलावर कौल लावता येत नाही. अंबाजी काय, वाडीतलं शेंबडं पोरही तो मोडायला तयार झालं नसतं. कौल एकाच गोष्टीनं रद्द होतो, तो बाटला तर. लावणाऱ्यानं लबाडी केली, तर तो कौलच नाही. आणि मग आईला शुद्ध करून घ्यावं लागतं, पुढच्या मंगळवारपर्यंत दुसरा लावता येत नाही. तोवर गावानं आपल्या अकलेनं चालायचं.

रतनबाईला हे सगळं पाठ होतं. लबाडी करणाऱ्या गुरवाचं काय होतं तेही पाठ होतं. त्यानं पुन्हा गाभाऱ्यात पाऊल ठेवायचं नाही, मरेपर्यंत. भिमाजी तिथंच दाराशी उभा होता, हाताची घडी घालून.

तिनं आईकडं एकदा बघितलं. "तुझी जीभ तू चालवलीस," ती पुटपुटली. "आता मी माझी चालवते." आणि ती बाहेर आली.

"थांबा!"

वाडी थांबली.

"कौल बाटलाय. मी बाटवलाय."

कुणाला काही समजेना. अंबाजी परत फिरले. "काय म्हनलीस रतनबाय?"

"उजवी कळी मी कोरडी लावली. डावी भिजवून दाबली. ऱ्हा म्हनूनच यावं असं केलं." तिचा आवाज कापत नव्हता, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "मला आईला सोडून खाली जायाचं नव्हतं. तिला एक दीस बी पानी चुकलं न्हाई माझ्या हातचं. तुमी सगळी गेला असता तर मला बी नेलं असतं. म्हनून केलं."

खोटं रचावं तर असं! खऱ्याला लागूनच शिवलेलं. आईला सोडून तिचा पाय निघत नाही हे वाडीतल्या कुत्र्यामांजरालाही ठाऊक होतं, त्यामुळं कुणालाच शंका आली नाही. एकदम कल्ला झाला.

"मला ठाऊकच हुतं!" भिमाजी किंचाळला. "मी पयल्यापासून सांगतोय! वैनी, अगं, एवढ्या लेकराबाळांचा जीव..."

"तोंड बंद कर," अंबाजी म्हणाले. ते रतनबाईच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. "तुझा नवरा देवमानूस हुता. त्याच्या तांब्याला काळं फासलंस."

हे मात्र तिला लागलं. "व्हय आबा," म्हणाली.

पण त्याहून जास्त लागलं ते अनिताचं बघणं. त्या पोरीनं टाक्यावर रडून विनवलं होतं, डावी पाडा म्हणून. आणि आता तिला कळलं होतं की या म्हातारीनं लबाडी केली खरी, पण उलटी. अनिताचे ओठ पांढरे पडले होते. तिनं लेकराला दुसऱ्या काखेत घेतलं, रतनबाईपासून लांबच्या.

स्नेहलनं मात्र डाव साधला. पोरगी हुशार! "आबा, मग आता कौल नाहीच ना? आईनं काहीच सांगितलेलं नाही ना?"

अंबाजींनी आभाळाकडं पाहिलं. पश्चिमेला घाटाच्या बाजूनं ते काळंनिळं झालं होतं. "न्हाई," ते म्हणाले. "आईचा शब्द न्हाई, तवा आता तुमचाच आयकायचा. गुरांची दावी सोडा रं! पोरीबाळी आदी टेंपोत घाला."

अर्ध्या वाडीला हेच हवं होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. बघता बघता गाठोडी बांधली गेली, शेळ्या निघाल्या, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं. टेम्पोत रतनबाई चढायला गेली तेव्हा फळीवर जागा होती, पण कुणी सरकलं नाही. ती खाली उतरली. स्नेहल म्हणाली, "आजी, या पुढं माझ्या शेजारी," पण रतनबाईनं मान हलवली. "चालत येते बाई. मला वाट पाठ हाय." आणि टेम्पोच्या मागं ती डोंगर उतरली, पावसानं ओलीचिंब.

शाळेत ती दाराजवळ बसली, एकटीच. खिचडी आली, कुणी तिला वाढली नाही, तेव्हा स्नेहलनं आणून दिली. तीही तिनं तशीच ठेवली. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. वादळ आलंच नाही तर? तर वाडी म्हणेल, हिचा बाटलेला कौल पाळला असता तरी बिघडलं नसतं, आपण उगीच उतरलो. आणि तरीसुद्धा, खोटं नाही सांगत, तिला मनातून वाटत होतं की येऊ नये. आईचं खरं ठरावं. माझं काय, मी तर गेलेच.

पण ते आलं. दिवस मावळायच्या आतच आलं. आधी मोठा आवाज आला, मग वारा. पोरांनी आयांच्या पोटात तोंडं खुपसली. शाळेचा स्लॅब पक्का होता, खिडक्यांच्या काचा तेवढ्या गेल्या. बाहेर काय मोडतंय, काय उडतंय, काही दिसत नव्हतं. रतनबाई भिंतीला पाठ लावून बसली होती आणि आईला शिव्या देत होती, मनातल्या मनात, एकामागून एक. आईशी इतकं वाईट ती आयुष्यात बोलली नव्हती.

सकाळी वाडी वर चढली. करंजवाडी करंजवाडीसारखी दिसतच नव्हती. एकाही घरावर पत्रा नव्हता. ते सगळे खालच्या भातखाचरांत, झाडांवर, ओढ्यात, कुठं कुठं जाऊन पडले होते. अंबाजींच्या घरावर मागचं जांभळाचं झाड आडवं झालं होतं. जिथं झोळी बांधायचे ती भिंत नव्हतीच. तिथं मातीचा ढीग होता आणि ढिगावर जांभळाचं खोड.

अंबाजी त्या खोडावर बसले आणि मोठ्यानं रडले. वाडीनं त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

देवळाचंही छप्पर गेलं होतं. आई उघड्यावर उभी होती, अंगावर पालापाचोळा. सगळे तिच्यापुढं जमले तेव्हा अंबाजी डोळे पुसून बोलले.

"आई कदी चुकायची न्हाई. तिनं जा म्हनूनच सांगितलं असतं. ह्या बाईनं मधी हात घातला म्हनून उलटं आलं." त्यांनी आईला हात जोडले. "आई, तुजा दोस न्हाई. आमाला माफ कर."

"व्हय, व्हय," सगळे म्हणाले. बायकांनी जमिनीला डोकी टेकली.

"आजपास्नं पूजा भिमाजीकडं."

रतनबाई मागं उभी होती, पायरीच्या बाहेर. आता सांगता आलं असतं. वाडी वाचली होती, आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं: मी दोन्ही कळ्या सारख्याच लावल्या होत्या. तिच्या नवऱ्याच्या तांब्यावरचं काळं पुसलं गेलं असतं. भिमाजीच्या तोंडावरचं ते समाधान पुसलं गेलं असतं, आणि त्याचा मोह काही कमी नव्हता!

पण मग खोटी कोण ठरली असती? आई ठरली असती. पुन्हा कोण तिच्यापुढं टोपी काढणार होतं? एवढी माणसं आज घर नसताना तिच्या पाया पडतायत, त्यांच्याकडं आता दुसरं होतं काय? रतनबाईनं तोंड मिटून घेतलं.

भिमाजी तांब्या घेऊन गाभाऱ्यात शिरला आणि आईवर भसाभस गार पाणी ओतायला लागला. रतनबाईला बघवेना. ती फिरली आणि आपल्या घराच्या ढिगाकडं चालायला लागली. मागून पावलं वाजली. अनिता होती, इंदूला घेऊन. तिचे डोळे सुजले होते.

"मावशी, मी तुमाला कदी माफ करायची न्हाई," ती म्हणाली.

"नगं करू."

"ती उजवी पडली ना, तवा मला वाटलं, ही आई न्हाईच. माझ्या लेकराला मारायला निघाली, ही कसली आई! मनातून मी तिला टाकून दिली हुती. खरं सांगते. आता कुनाकडं बघून जगायचं, असं झालं हुतं मला." तिनं पदरानं नाक पुसलं. "बरं झालं मावशी. बरं झालं, ते तुमचंच पाप निघालं."

रतनबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग इंदूकडं पाहिलं. मग ती खाली वाकून ढिगातला वासा ओढायला लागली.

"व्हय गं पोरी," ती म्हणाली. "माझंच हुतं. जा, लेकराला पाज."